दोर धरणारा

सांगली, मार्च १९७३

अण्णा, तुला शिवकन्येचा वाकून नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. साखर कारखान्याच्या वसाहतीत नळाला पाणी येतं, ह्यांची नोकरीही पक्की झाली. आमची काळजी करू नको.

तुझी कादंबरी पोचली. पुस्तकावर सख्ख्या भावाचं नाव बघून लई आनंद झाला. मग वाचायला बसले.

दुष्काळात नवरा रोज बायकोला दोर बांधून आटलेल्या विहिरीत सोडतो. ती तळाशी वाटीवाटीनं घागर भरते, आणि हा वर उभा राहून दोर सोडून द्यायचा विचार करतो. राग नाही, भांडण नाही. जेवणात मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं थंडपणे सांगतो. वाचता वाचता मीच त्याच्या जागी उभी राहिले आणि माझी मूठ सैल झाली. तेव्हा मात्र पुस्तक मिटलं.

हे म्हणतात, लेखक कल्पनेनं लिहितो. असेल. पण मी दिवाळीला माहेरी आले तेव्हा आपल्या विहिरीत वच्छलावहिनीला तूच सोडत होतास. मी घाबरले, तर ती हसून म्हणाली, "दोर ह्यांच्या हातात हाय, मला कशाचं भेव?"

पुस्तकातली बायको अगदी हेच म्हणते.

वहिनी बरी आहे ना? तुझी पाठ दुखते, तर दोर धरायला शेजारच्या मकसूदभाईंना बोलवत जा. रोज बोलव.

वहिनीला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तूच तिला वाचून दाखवणार. अण्णा, मधलं काही गाळू नको.

तुझीच,
शिवकन्या