पंचविसाव्या बटणाबद्दल

प्रिय मामा,

उजव्या हाताची दोन बोटं भाजली आहेत, म्हणून डाव्या हातानेच नमस्कार करतो, तो पुरा धरावा. मामीचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? मी ठणठणीत आहे आणि (आधी खाली बसा) अजून त्याच नोकरीत आहे. हा चौथा महिना. आधीच्या सहा नोकऱ्या एकापुढे एक ठेवल्या तरी एवढ्या लांब होत नाहीत.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मास्तरांनी मला ठेवून घेतलं, हे विसरलेलो नाही. इथे जुनी टेप मशिन्स आणि मोठे मिक्सर दुरुस्त होऊन स्टुडिओंना जातात (मामीला सांगा, स्वयंपाकघरातला मिक्सर नव्हे; हा पलंगाएवढा असतो आणि त्यावर आवाज कमीजास्त करायची बटणं असतात). टेप मशीनचं तर काय सांगू! ताटाएवढी दोन चाकं, मधून तपकिरी फीत सरकते, आणि ती बघत बसलं की तास कसा गेला कळत नाही. मास्तरांना कळतो. असो. मागच्या खोलीत मास्तरांचा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे. तिथल्या मिक्सरवर एका ओळीत पंचवीस बटणं आहेत, आणि शेवटच्या बटणाखाली मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात पट्टी चिकटवली आहे: ‘ऊब’. आवाज कोरडा वाटतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं, की मास्तर खुर्ची सरकवून त्यालाच ते बटण फिरवायला देतात. गिऱ्हाईक डोळे मिटून फिरवतं आणि म्हणतं, “आता कसं!”

तर परवा मास्तर दाढ काढून घ्यायला गेले होते. मी नुसता बसलो असतो तर बरं झालं असतं, पण स्वतःहून पुढाकार घे असं तुम्हीच म्हणाला होतात. धूळ पुसायला मिक्सरचं झाकण उघडलं तर काय, ‘ऊब’ला एकही तार नाही! वीस वर्षं बटण तुटकं आणि कुणाच्या लक्षात नाही, या विचाराने मला भरून आलं. तार कुठे जायला हवी ते कळेना, म्हणून जी जागा जवळ पडली तिथे जोडून टाकली (बोटं तेव्हाच भाजली). ती जागा टेप मशीनचा वेग ठरवणारी निघाली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. बाई मुलांसाठी गोष्टी वाचतात, वीस वर्षं इथेच, आणि मागची खोली त्यांच्यावरच चालते. वाचून झालं, मास्तरांनी टेप ऐकवली, बाई सवयीने म्हणाल्या, “किंचित ऊब हवी,” आणि बटण फिरवलं. गोष्टीतला ससा अस्वलाच्या आवाजात बोलू लागला. घाबरून त्यांनी उलटं फिरवलं, तर साऱ्या जंगलात चिलटं घोंघावली. मास्तरांचा सुजलेला गाल पांढरा पडला. बाईंनी विचारलं, “आजवर असं कधी झालं नाही ते?” मास्तरांनी नुसता गाल धरला. मला वाटलं, दाढेमुळे बोलवत नसेल, म्हणून मीच छाती फुगवून सांगितलं, “आजवर ते जोडलेलंच नव्हतं बाई, मी जोडलं!”



बाई पर्स उचलून निघाल्या. मास्तर एवढंच म्हणाले, की बाई परत आल्या नाहीत तर तूही येऊ नकोस. बाकी सगळं छान आहे. मामीला डाव्या हाताचाच नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : मी बाईंच्या मागे फाटकापर्यंत धावलो आणि सांगितलं, की मी नवखा आहे, भलतंच बोललो, शुक्रवारी आमचे तज्ज्ञ बटण तपासायला येणार आहेत, तुम्हीही या. त्या हो म्हणाल्या. ते तज्ज्ञ तुम्ही. तुमचं दुकान चष्म्यांचं आहे हे बोललो नाही, ‘तपासणीच्या धंद्यात आहेत’ एवढंच. बटण फिरवायचं, डोळे मिटायचे आणि “वा!” म्हणायचं. कोट घालून या.

आणखी एक ता. क. : तार मी कापून टाकली आहे, तेव्हा अस्वलाची भीती नाही. पण काल संध्याकाळी मास्तरांनी स्वतः ते बटण फिरवून पाहिलं, दोनदा, डोळे मिटून. म्हणाले, “पूर्वीइतकी ऊब येत नाही रे. नक्की कुठली तार कापलीस?” तेव्हा मामा, “वा!” जरा मोठ्याने म्हणा. मास्तरही खोलीत असतील.