दोरावरचं वजन

३ एप्रिल १९९७

आलो एकदाचा. संगमनेरहून पहाटेची एस.टी. धरली, कल्याणला उतरून पुढे रिक्षा केली आणि दुपारच्या जेवणाआधी अंबरनाथच्या बुवापाड्यात ट्रंक टेकवलीसुद्धा. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला आहे आणि दारातच नळ. शेजारच्या गयाबाईंनी ओळख ना पाळख, भाकरी आणि भरलं वांगं आणून दिलं. वर म्हणाल्या, पोरा, इथे भांडी तेवढी स्वतः घासायची. मी कबूल केलं.

संध्याकाळी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये टेकचंद शेठच्या दुकानात हजेरी लावून आलो. शेठ खूश दिसले. खिडकीतले एसी बसवणारे पुष्कळ भेटले, स्प्लिट शिकून आलेला आयटीआयवाला तूच पहिला, असं म्हणाले. माझं मूळ सर्टिफिकेट कंपनीला दाखवायचं आहे म्हणून त्यांनी कपाटात ठेवून घेतलं. आमचे गुरुदत्त सर सांगायचे, रोजचं काम रोज लिहा, म्हणजे तीच चूक परत होत नाही. म्हणून ही शर्टाच्या खिशात मावेल अशी डायरी घेतली आहे. उद्या सुट्टी. परवा पहिलं काम.

५ एप्रिल

कॅम्प चारमधल्या एका कापडवाल्याच्या घरी स्प्लिट बसवला. तिसरा मजला. आतलं युनिट कोणीही बसवेल, खरी परीक्षा बाहेरच्या युनिटची. पन्नासेक किलोचा डबा भिंतीला टांगायचा आणि तो वर्षानुवर्षं रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या डोक्यावर राहणार. म्हणून मी आधी हातोडीने भिंत वाजवून बघतो. पोकळ वाजली तर जागा बदलायची. बोल्ट विटेत मारायचे, विटांच्या सांध्यात नाही. ब्रॅकेट लेव्हलमध्ये, खाली रबराचे पॅड, पंख्यासमोर मोकळी हवा. आणि आपण स्वतः छज्ज्यावर उतरायच्या आधी कमरेला बेल्ट, बेल्टचा दोर गच्चीवरच्या कॉलमला. खिडकीच्या ग्रिलला कधीच नाही. ग्रिल चोराला अडवायला असते, माणसाला तोलायला नाही.

जोडीला कोंडाजी नावाचा माणूस दिला आहे. पन्नाशीचा, बदलापूरच्या पुढच्या खेड्यातला. मी कोंडाजीदादा म्हणून हाक मारली तर त्याने माझ्या चपलांजवळ पिंक टाकली. दोर कॉलमला बांधायचं नावच काढेना. दोर माझ्या हातात राहील, एवढंच म्हणत होता. मी हट्टाने बांधायला लावला. तरी काम संपेपर्यंत तो गच्चीवर दोर हातात घट्ट धरून उभा होता. काम मात्र झकास झालं.

९ एप्रिल

दुकानात माझ्याशी कोणी बोलत नाही. मी बाकावर बसलो की बाकीचे फिटर चहाचे ग्लास घेऊन बाहेर जातात. आज कारण कळलं. मी शिवरामच्या जागेवर आलो आहे. गेल्या मे महिन्यात तो चौथ्या मजल्यावरून पडला. गिऱ्हाइकाची घाई होती, त्याने दोर ग्रिलला बांधला आणि ग्रिल भिंतीतून निघून आली. माझ्याकडे आहे तो बेल्ट त्याचाच, धुऊन दिलेला. वाईट वाटलं. पण माणूस गेला त्यात माझा काय दोष? बेल्ट बघितला, शिवण चांगली आहे.

आज बाहेर उभा असताना दोनदा कमरेला मागून हिसका बसला. खालच्या बाजूला. वर आल्यावर कोंडाजीला विचारलं, दोर ढिला सोडून ओढता का? त्याचे तळवे पाहिले, सोलून लालभडक झालेत. माझं वजन काही एवढं नाही. आणि गाठ कॉलमला असताना याला जोर कशाला लावावा लागतो?

१४ एप्रिल

जयंती. शेठने सुट्टी नाकारली, तुम लोगों का हर महीने कुछ ना कुछ होता है, असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी ऐकून घेतलं. नवा आहे. संध्याकाळी बुवापाड्यात मिरवणुकीला गेलो, गयाबाईंनी खीर वाढली. बरं वाटलं.

दुपारच्या कामात पुन्हा तोच हिसका. आता खात्री आहे, हा म्हातारा मला घाबरवून पळवून लावायला बघतोय.

१९ एप्रिल

आनंदनगरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम होतं. बोल्ट आवळत होतो. एकाएकी मागून बेल्ट असा ओढला गेला की छज्ज्यावरून पाय सुटले. लोंबकळलो. खाली लोखंडी सळया पडलेल्या दिसत होत्या. दोर इंच इंच वर गेला, हाताला छज्जा लागला, खिडकीतून आत पडलो. तसाच गच्चीवर धावलो.

कॉलमची गाठ सोडलेली होती. दोर नुसता कोंडाजीच्या हातात होता. मी पुढ्यात उभा असूनही तो कठड्यावरून खालीच बघत होता आणि पुटपुटत होता. गाठ तू सोडलीस का, असं विचारलं. नाही म्हणाला नाही. मी त्याची कॉलर धरली. पन्नाशीच्या माणसावर हात टाकायची माझ्यावर पहिलीच वेळ.

पाठीवर शर्ट उभा फाटला आहे.

२२ एप्रिल

शेठला स्पष्ट सांगितलं, तो तरी राहील नाहीतर मी. सीझन तोंडावर आहे, स्प्लिट दुसऱ्या कोणाला येत नाही. कोंडाजीला काढलं. बाकीचे फिटर माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मीच कोणाचा जीव घेतला आहे.

जाताना कोंडाजी माझ्यापाशी थांबला. "आता त्याला कोन धरनार?" म्हणाला.

मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतोय. म्हटलं, कॉलम धरेल.

२६ एप्रिल

कॉलम होता. गाठ मी स्वतः मारली, तीनदा ओढून पाहिली. नवा नायलॉनचा दोर. गच्चीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. भर दुपार, खाली रस्त्यावर उसाचा रस विकणारा घंटी वाजवत होता.

ब्रॅकेटला हात लावला आणि कमरेवर वजन आलं. हिसका नव्हे. वजन. माणूस लटकावा तसं, हळूहळू वाढत जाणारं. दोर ताणून तारेसारखा झाला. मागे वळून पाहिलं. बेल्टच्या मागे काहीच नाही. खाली छज्जा, त्याखाली रस्ता.

खोलीवर येऊन गयाबाईंच्या आरशात पाहिलं. कमरेवर दोन्हीकडे काळेनिळे वळ. चार बोटं. आणि अंगठा. पुढून मागे नाही, खालून वर.

२८ एप्रिल

आज पुन्हा. पाच मिनिटंही बाहेर टिकलो नाही. आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता, वडील म्हणायचे ते सगळं आपण मागे टाकून आलो. मी त्रिसरण म्हणत उभा होतो. वजन कमी झालं नाही. कोणीतरी धापा टाकत होतं. माझ्या कमरेपाशी. मी नव्हे.

गिऱ्हाइकाने शेठला फोन केला, तुमचा माणूस भिंतीला चिकटून रडतो. दुकानात सगळे हसले.

२ मे

सुट्टी. बदलापूरला उतरून कोंडाजीचं गाव शोधत गेलो. माफी मागायची होती. खरं तर त्याला परत बोलवायचं होतं. इतके दिवस दोर धरून त्याने मला वाचवलं, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

अंगणात एक बाई तांदूळ निवडत होती. कोंडाजीची बहीण विठा. शिवरामची बायको. म्हणजे शिवराम कोंडाजीचा मेव्हणा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या. वर्ष होत आलं नवऱ्याला जाऊन. मी पाहतोय हे तिने पाहिलं आणि पदर ओढून आत गेली.

कोंडाजीने ओट्यावर बसवलं. पाणीही विचारलं नाही. मी सगळं सांगितलं, वजन, वळ, धापा. त्याचे डोळे भरून आले. आनंदाने. अजून हाये ना, हाये ना तो, असं परत परत विचारत राहिला.

मी म्हटलं, तो मला पाडायला बघतोय.

"तो पाडत नाय. तो धरतो," कोंडाजी म्हणाला. "ग्रिल निघाली तवापासून तो हाताला लागंल ते धरतो. कोनी भायेर उतरला का त्याच्या कमरेला."

मी म्हटलं, दादा, तुम्ही इतके दिवस मला धरलंत, पुन्हा या.

त्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू आत्ताच मी त्याला दिसलो.

"तुला कोन धरत व्हता? मी माझ्या दाजीला धरत व्हतो. तो खाली पडला नाय अजून. माझ्या बहिनीचं कुकू मी पुसू दिलं नाय. त्या दिवशी आनंदनगरला त्याचं डोकं छज्ज्यापरयंत आलं व्हतं. पन दोराला दोघं झेपत नाय. एक सुटला का दुसरा येल वर."

विठा आतून ऐकत होती. दाराआड बांगड्या वाजल्या. मी निघालो तेव्हा तिने फक्त विचारलं, पुढचं काम कुठे आहे. मी सांगितलं नाही.

धावत स्टेशन गाठलं.

३ मे

शेठला सांगितलं, दुकानात बसून दुरुस्ती करेन, बाहेर उतरणार नाही. शेठ चिडले. डरपोक आदमी का मैं क्या करूँ? सोडून जातो म्हटलं. तर सर्टिफिकेट देईनात. शिवमंदिराच्या रस्त्यावर सुहासिनीबाईंच्या घरी मी बसवलेल्या युनिटमधून गॅस जातोय, बाई रोज फोन करते, ते निस्तर आणि कागद घेऊन चालता हो, म्हणाले.

फक्त एक नट आवळायचा आहे. पाच-दहा मिनिटं. एकच.

दुकानातल्या कोणी कोंडाजीला सांगू नये, असं म्हणालो. सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

४ मे

झोप नाही. वळ गेले नाहीत. गयाबाई म्हणतात, कागद राहू दे, गावाला जा. सर्टिफिकेट नसलं तर गावाला जाऊन काय करू? नवा बेल्ट आणला आहे. शिवरामचा नाही. कदाचित बेल्टमुळेच—

उद्या सकाळी उरकतो. दुपारच्या एस.टी.ने घर.

५ मे

छज्ज्यावर आहे. पेन्सिलीने लिहितोय. लिहिलं की खाली बघावं लागत नाही.

नट आवळला. गॅस थांबला. साबणाचा फेस लावून पाहिलं, बुडबुडा नाही. काम झालं. आत जायला वळलो तर खिडकीला आतून कडी. सुहासिनीबाईंना हाका मारल्या. आतून त्या म्हणतायत, तुमच्या दुकानातला म्हातारा आलाय, त्यानेच लावायला सांगितली, गच्चीची किल्लीही नेली, काम होईपर्यंत उघडू नका म्हणालाय. बाई, उघडा. मी सांगतोय ना उघडा. म्हणतायत, मागच्या वेळी नीट केलं असतं तर ही वेळ आली नसती. टीव्हीचा आवाज वाढवला.

समोरच्या इमारतीत एक माणूस दात घासत उभा. हात हलवले. त्याने खिडकी लावून घेतली.

—

दोर हलतोय. कॉलमची गाठ सुटली. कळतं ते. दोराचा ताण आता जिवंत आहे, हाताचा.

वजन आलं.

नवा बेल्ट. तरी आलं.

—

कोंडाजी वरून बोलतोय. माझ्याशी नाही. एवढ्या मायेने मी त्याला बोलताना कधी ऐकलं नाही. "दाजी, घाई नका करू. खांदा धरा त्याचा. आता खांदा."

खांद्यावर—

थंड नाही. मला वाटलं होतं थंड असेल. घामेजलेला आहे. उन्हात तापलेला माणसाचा हात.

—

बकल सोडलं तर दोर आणि तो दोन्ही जातील. मी छज्ज्यावर राहीन. छज्जा दोन वीत रुंद. भिंतीला पाठ लावून उभं राहता येईल. कोणीतरी बघेल. कोणीतरी उघडेल.

खाली विठा उभी आहे. रस्त्याच्या पलीकडे. हिरवं लुगडं. वर बघतेय. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून—

हसली.

बकल सोडतो. डाव्या हाताने. उजव्याने लिहितोय. बोट आत गेलं. अडकलंय. नाही, अडकलं नाही, माझ्या बोटावर दुसरं बोट, तोही सोडवतोय, आतून, त्याला माझा पट्टा हवा आहे, तो स्वतःच्या कमरेला—