पायाळू बहीण

डोणगाव, ता. मेहकर
४ नोव्हेंबर २०२४

चि. कोकिळा हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

सोयाबीन घरात आलं, बाकी सारं ठीक. फक्त माझी कंबर बसली आहे. पोतं उचलताना उसण भरली. गावातल्या पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घेतला. त्याने जोर जास्त केला की काय, दुखणं डाव्या पायात उतरलं. चालताना डावी चप्पल मागे राहते आणि मला कळतही नाही. तुझी वहिनी साऱ्या आळीला सांगते की आमचे मालक एकाच चपलेवर गाव फिरून राह्यले.

मेहकरच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आणि ऑपरेशनचा शब्द काढला, तसा मी उठून आलो. मणक्याला सुरी लागली की माणूस राहत नाही. अर्जुनरावांचं आपण पाहिलंच. तू खरी पायाळू, आईच्या पोटातून पायाने आलेली. लहानपणी मोठमोठी माणसं तुझ्यासमोर पालथी पडायची. एकदा येऊन पाय लाव. अर्जुनराव गेल्यापासून तू घराबाहेर पडत नाहीस, वर्षही सरायचं आहे, हे मला कळतं. तरी ये. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
पंजाबराव

खामगाव
८ नोव्हेंबर २०२४

ती. पंजाबदादांना शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर लोक आधी यांच्याबद्दल विचारतात, मग मला पुढे बोलता येत नाही. लिहिणं बरं पडतं.

मी पाय लावणार नाही. वर्ष सरलं नाही म्हणून नव्हे. नुसती उसण असती तर आले असते. चप्पल निसटते आणि कळत नाही, म्हणजे नस दबली आहे. त्यावर कुणीच पाय देऊ नये, मीही नाही.

आज एवढं करा. भिंतीला हात टेकून टाचांवर उभे राहा. डावा पंजा वर उचलला जात नसेल तर लगेच अकोल्याला, यांना दाखवलं होतं त्या डॉक्टरीणबाईंकडे जा. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर या पत्राचं उत्तरही लिहीत बसू नका, तसेच दवाखान्यात निघा.

आता यांच्याबद्दल. ते हृदयाच्या झटक्याने गेले. मानेचं ऑपरेशन होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. ऑपरेशनआधी यांच्या बोटांना शर्टाची गुंडी लागत नसे. आयुष्यभर बँकेत नोटा मोजलेला माणूस. मी गुंड्या लावून द्यायचे आणि ते छताकडे पाहत उभे राहायचे. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी एका सकाळी ते स्वतः गुंड्या लावून बाहेर आले. एक काज चुकलं होतं. मी ते सांगितलं नाही. शेवटच्या दिवशीही गुंड्या त्यांनीच लावल्या होत्या, बरोबर.

तेव्हा त्या ऑपरेशनने ते गेले असं पुन्हा म्हणू नका. वहिनींना नमस्कार. रागावलात तरी माया कमी होऊ देऊ नका.

आपली,
कोकिळा

डोणगाव
१५ नोव्हेंबर २०२४

चि. कोकिळास आशीर्वाद.

टाचांवर उभा राहिलो. उजवा पंजा वर, डावा जमिनीलाच. तुझी वहिनी हसता हसता उठली आणि पिशवी भरायला लागली. दुसऱ्या दिवशी अकोला गाठलं. एमआरआय झाला. कमरेची गादी सरकून नसेवर बसली आहे. बाई म्हणाल्या की आणखी थांबलात तर पंजा असाच लोंबता राहील. पुढच्या बुधवारची तारीख दिली.

मी त्यांना सांगितलं की आधी माझ्या बहिणीचा पाय, मग तुमची सुरी. त्यांनी विचारलं की बहीण जोर देते का. मी म्हटलं, ती शिकलेली आहे. मग म्हणाल्या की नुसता टेकवू द्या, दाबू देऊ नका. तुझी वहिनी म्हणते की पाय लावायले बहीण अन् पथ्याचं रांधायले मी.

कोकिळा, तू आली नाहीस तर मी त्या टेबलावर झोपणार नाही. थट्टा समजू नको.

तुझा,
दादा

डोणगाव
५ जानेवारी २०२५

चि. कोकिळास आशीर्वाद.

तू अकोल्याला आलीस, त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. पाय टेकवलास तो मला लागलासुद्धा नाही. त्यानंतर मोठ्या भावाला पाय लागला म्हणून माझ्या पायांवर डोकं ठेवलंस, तेव्हा डाव्या पायाला तुझा स्पर्श कळला नाही. त्याच वेळी मनाने ठरवलं की आता माघार नाही.

ऑपरेशनला दीड महिना झाला, परवा देवळापर्यंत चालत गेलो. चप्पल दोन्ही पायांत परत आली. तुझ्या वहिनीने येऊन पाहिलं आणि म्हणाली की आता गावाले बोलायले काही उरलं नाही. व्यायाम रोज करतो, वाकत नाही. बाईंचं श्रेय आहेच, पण निम्मं तुझ्या पायाचं.

अर्जुनरावांबद्दल मी ते लिहायला नको होतं.

तुझा,
दादा

खामगाव
११ जानेवारी २०२५

ती. पंजाबदादांना शि. सा. न. वि. वि.

चपलेचं वाचून बरं वाटलं. श्रेय पुरं बाईंना द्या. माझा पाय फक्त तुम्हाला टेबलापर्यंत नेण्यापुरता. कमरेचा पट्टा सांगितला आहे तोवर काढू नका आणि पोत्याकडे पाहूही नका.

अकोल्याहून परतल्यावर मी यांचं कपाट उघडलं. शर्ट तेराव्याला देता आले नव्हते. त्यातले दोन पाठवते. तुमचे सदरे डोक्यावरून काढावे लागतात, हे पुढून उघडतात, पाठीला ओढ बसणार नाही. गेलेल्या माणसाचे म्हणून वहिनींना नको असतील तर मोकळेपणाने कळवा. निळ्याची एक गुंडी मी नवी लावली आहे, रंग थोडा वेगळा दिसेल.

काज बघून लावा. आता फोन केलात तरी चालेल, मी उचलीन.

आजवर सांभाळलंत तसंच पुढेही आपलं म्हणा.

कोकिळा