उतरताना अडकणारं विमान

मंगळ., ९ सप्टें.
पुन्हा तेच. टेकऑफ छान. वर गेल्यावर मलंगगड दिसला, बारवी धरणाचं पाणी दिसलं, अण्णा खुशीत. मग मुंबईच्या रनवेवर उतरायला लागलो आणि चित्र गचके खायला लागलं. थांबतंय, उडी मारतंय, पुन्हा थांबतंय. अण्णांनी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती.
"उतरताना अडकतं तुझं विमान," म्हणाले.
विमान नाही अडकत, माझा कॉम्प्युटर अडकतो, असं मी सांगितलं.
"मग खऱ्यात काय हाताने चालवतात? तिथंही कॉम्प्युटरच ना?"
ताईला सांगितलं होतं मी, सिम्युलेटरवर बसवून भीती वगैरे जात नाही. पण अण्णांना स्वतःकडे न्यायचं म्हणून तिला कॅनडात बसून हेच सुचलं. सत्तरीचा बाप, जन्मात विमानात बसला नाही, त्याला माझ्या या डबड्यावर बसवून धीर द्यायचा. उलट भीती वाढवतोय मी. ग्राफिक्स कार्ड बदलल्याशिवाय काही खरं नाही.

गुरु., ११ सप्टें.
कार्ड कुठलं घ्यायचं म्हणून दोन दिवस व्हिडिओ बघतोय. वीट आलाय. प्रत्येक जण तोंड वासलेला फोटो लावून बसलाय आणि दुसऱ्याचं कार्ड म्हणजे कचरा म्हणून ओरडतोय. कुणीही विमान उडवत नाही. सगळे गोळ्या झाडतात.
माझ्यापुरतं असं: हि. (हिरवी कंपनी) मेमरी आठ जीबी, ला. (लाल कंपनी) सोळा जीबी. किंमत उन्नीस-बीस. फार वरचं परवडत नाही, फार खालचं घेऊन हेच गचके.
कंपनीतला विन्या म्हणतो, "भाई, तेरा प्रोसेसर बुड्ढा है, कार्ड घेऊन काय कपाळ करणार." स्वतः फोनवर पत्ते खेळतो. तरी घरी येऊन मोजून बघितलं. शहरावर आलो की कार्डाची मेमरी काठोकाठ भरते आणि नेमकं तेव्हाच अडकतं. प्रोसेसर धापा टाकतो, पण चालतो. म्हणजे घोडं मेमरीपाशी पेंड खातंय. सोळा.

रवि., १४ सप्टें.
पितृपक्ष चालू. स्मिता म्हणाली, या दिवसांत नवीन वस्तू घरात आणू नकोस. नवरा-बायको दोघं कमावतो, पोरं इंग्रजी शाळेत, आणि ग्राफिक्स कार्डाला पितृपक्ष. अण्णांनी तोडगा काढला: "नवीन नको ना? मग जुनं आण. जुन्याला काय बाध?"
मलाही पटलं, हीच लाज वाटण्याजोगी गोष्ट. गेलो उल्हासनगरला. गल्लीत एक जुन्या कार्डांचं दुकान, बाहेर केबलींचे ढीग, आत कार्डं धुतलेल्या पेट्रोलचा वास. शेठने सोळा जीबीचं कार्ड काढलं. चकचकीत. इतकं चकचकीत की संशय यावा. स्क्रूंची डोकी झिजलेली, वरचं स्टिकर मात्र कालचं. पट्ट्यांच्या फटीत काळी चिकट घाण तशीच. वर्षभर कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये रात्रंदिवस क्रिप्टोची कॉइन काढायला जुंपलेलं असणार.
"साईं, एक हाथ चला हुआ है. घर में बच्चा कार्टून देखता था."
वॉरंटी?
"टेस्टिंग वॉरंटी. इधर चला के देखो. दुकान के बाहर गया तो आपका."
हातांना तो काळा चिकटा लागला, साबणाने गेला नाही. अख्ख्या बाजाराची किळस आली. रिकाम्या हाताने परत.

बुध., १७ सप्टें.
ताईचा व्हिडिओ कॉल. डिसेंबरात डिलिव्हरीची तारीख आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी, इतक्या उपचारांनंतर. चेहरा सुजलाय. "आई असती तर ती आली असती रे. निदान अण्णा तरी." व्हिसा झालाय. तिकिटाचं दसऱ्यापर्यंत सांगा म्हणाली, पुढे भाडं आवाक्यात राहणार नाही.
अण्णा तिच्याशी हवेबद्दल बोलले. तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती. मग फोन माझ्याकडे देऊन बुवापाड्यात जुन्या मित्रांकडे गप्पा मारायला गेले. तिने विचारलं, येतील ना? मी म्हटलं, येतील, कार्ड येऊ दे. काय बोललो ते माझं मलाच ऐकवेना. लेकीचं बाळंतपण आणि सोळा जीबी.

मंगळ., २३ सप्टें.
काल घट बसले, आज हाफ डे टाकला. पुन्हा उल्हासनगर, पण नव्या मालाचं दुकान. तिथला शेठ आठ जीबीचंच गळ्यात मारत होता, कारण त्याला रंगीत दिवे आहेत.
"सोला लेके क्या करोगे? ये देखो, लाइटिंग. कस्टमर खुश हो जाता है."
मला कस्टमर नाही, बाप खूश करायचाय, असं तोंडावर आलं होतं. खोक्याचं सील डोळ्यांसमोर फोडायला लावलं. पहिल्याचं सील उचकटून परत चिकटवलेलं निघालं. शेठला काही वाटलं नाही. "कोई देख के गया होगा" म्हणाला आणि दुसरं काढलं. ला. सोळा. घेतलं.
घरी आल्यावर कळलं, कार्ड लांब, कॅबिनेट आखूड. आतला हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. अण्णांनी हॅकसॉ काढली, पिंजरा कापला, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. अंबरनाथला लेथवर आयुष्य गेलं त्यांचं, हात अजून थरथरत नाही. आज दिवसभरात बघवलेली एवढी एकच गोष्ट.

गुरु., २५ सप्टें.
उतरलो. एकही गचका नाही. झोपड्यांचे पत्रे, रस्त्यावरच्या गाड्या, रनवेचे पट्टे, सगळं सरळ अंगावर आलं आणि चाकं टेकली. मी टाळी वाजवली. आनंद झाला, लिहून ठेवतो, हल्ली क्वचित होतो.
अण्णांनी टाळी वाजवली नाही. चष्मा काढून पुसला. "झालं?" म्हणाले.
झालं.
"हं."
ताईला मेसेज केला, तिकीट बघ.

रवि., २८ सप्टें.
अण्णा खुर्चीत बसत नाहीत. काल डोळे दुखत होते, आज पाठ. चला एक लँडिंग करू म्हटलं तर, "रोज काय तेच तेच." आधी गचके होते तेव्हा रोज स्वतःहून बसायचे. ताईने विचारलं तर म्हणाले, नवमी होऊ दे, मग बघू. आता नवमीचा आणि विमानाचा काय संबंध. डोकं फिरतं.

बुध., १ ऑक्टो.
खंडेनवमी. अण्णांची दरवर्षीची पूजा. मायक्रोमीटर, व्हर्नियर, पाने, स्मिताचा मिक्सर, माझा कॉम्प्युटर. सगळं पुसून पाटावर, हळदकुंकू, झेंडू. कॅबिनेट आडवं ठेवलेलं, बाजूचं झाकण काढून. आज यंत्रांना विश्रांती, हात लावायचा नाही. मला बरंच वाटलं. एक दिवस तरी या कार्डाचं तोंड बघायला नको.

शुक्र., ३ ऑक्टो.
सकाळी चालू केलं. जळका वास. मग तेलाचा वास. स्क्रीन काळी.
उघडलं तर कार्डाच्या तिन्ही पंख्यांच्या मधोमध मशीन ऑइल. थेंब नाही, धार. ओघळ कनेक्टरपर्यंत, त्यात कुंकू कालवलेलं. हात घालवेना.
"अण्णा, हे काय केलंत?"
"नवी मशीन आहे. पहिल्यांदा तेल द्यावं लागतं."
मी ओरडलो. खूप ओरडलो. स्मिताने मला बाहेर काढलं. अण्णा खाली बघत कुंकवाचा पाट पुसत होते.

शनि., ४ ऑक्टो.
दुकानात नेलं. शेठने बोट लावून वास घेतला. "इसमें क्या भजिया तला?" चार गिऱ्हाइकं हसली. वॉरंटी गेली. त्याला चूक म्हणता येत नाही, हे आणखी वाईट. परत येताना स्वतःचाच राग येत होता. म्हाताऱ्या माणसावर कसला ओरडतो मी. सवयीने घातलं तेल. लेथवाल्याला कार्डातलं काय कळणार. घरी येऊन माफी मागितली. "असू दे रे," म्हणाले. जुनं कार्ड परत लावलं. अण्णा आपणहून येऊन खुर्चीत बसले. उतरताना गचके आले, तर हसले.

रवि., ५ ऑक्टो.
ताईने एजंटकडून आज रात्रीपर्यंत मुदत मागून घेतलीय. आज सांगायचंच आहे.
दुपारी जेवताना हॉलमधला पंखा करकरत होता. मी म्हटलं, अण्णा, याला जरा तेल घाला ना.
"सीलबंद बेअरिंग आहे त्याला," ताटातून वर न बघता म्हणाले. "तेल घातलंस तर आतलं ग्रीस धुऊन जाईल, वाट लागेल. नवीन बेअरिंग आण."
घास तोंडातच राहिला. स्मिताने माझ्याकडे बघितलं. अण्णा भात कालवत होते, मग हात थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्यांनाही कळलं.
पहिल्यांदा घाणच वाटली. माझ्या बापाची. ताईचा सुजलेला चेहरा, आणि हा माणूस पूजेच्या नावाखाली मुद्दाम धार सोडतोय. इतके दिवस दुकानदारांची सीलं तपासत बसलो मी.
स्मिता ताटं घेऊन आत गेली तेव्हा विचारलं, "अण्णा, तुम्हाला जायचं नाहीये का?"
"पोरीकडे जायचंय."
"मग?"
"पहिलं ते खोटं दिसायचं. खोटं म्हणून बसायचो." हाताला चिकटलेली शितं काढत राहिले. "तू नवीन लावलंस ना, ते फार खरं होतं रे."
मग उठून हात धुवायला गेले.
आत्ता संध्याकाळी ताईचा फोन वाजत होता. मी बघत बसलो, उचलला नाही. अण्णांनी उचलला. "हां बाळा," म्हणाले आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. दार ओढून घेतलंय. काचेतून पाठ दिसतेय, बोलणं ऐकू येत नाही.