रांजणाचं अचूक माप

४ फेब्रुवारी
लेकीच्या शाळेत प्रदर्शन. विषय, आपल्या भागाचा वारसा. दरवर्षी ती प्रोजेक्टसाठी मामाकडे पळते. मामा म्हणजे माझा मेहुणा. यंदा बाप करणार, पहिला नंबर आणणार, असं जाहीर केलं. बायको 'बरं' म्हणाली. तिच्या 'बरं'कडे लक्ष द्यायचं नाही, असा संकल्प.

५ फेब्रुवारी, सकाळी
संग्रहालयाचा अख्खा संग्रह वेबसाइटवर आहे! चप्पलही न घालता सगळा इतिहास पालथा घातला. निदान पहिली दोन पानं. तिसऱ्यावर रांजण सापडला. मातीचा, ढेरपोट्या, काय रुबाब! लेक म्हणाली, खाली माहिती दिलीय, वाचूया. म्हटलं, माहिती काय कोणीही वाचतं. जाणकार नुसत्या डोळ्यांनी ओळखतो.

८ फेब्रुवारी
ऑफिसचा प्रोजेक्टर घरी आणला. रांजण भिंतीवर पाडून टेपने मोजला. चार फूट. प्रोजेक्टर मागे सरकवला, पाच! म्हणजे अचूक माप घ्यायला अंतर लागतंच. सोफा आड आला, नाहीतर सहा भरला असता.
असले रांजण उचलणारे आपले पूर्वज केवढे धिप्पाड असतील! आनंदाने जेवण जाईना. नंतर गेलं.

१४ फेब्रुवारी
कागदाचा लगदा, डिंक, बांबू. मॉडेल हुबेहूब. लेकीलाही हात लावायचा होता. तिला वाळलं का ते बघायचं काम दिलं. मेहुणा येऊन बघून गेला. एक शब्द बोलला नाही. जळला.

१९ फेब्रुवारी
रांजण दारातून जाईना. सुताराने विचारलं, दार काढू की रांजण कापू? अर्थात दार.

२० फेब्रुवारी
प्रदर्शनाला पाहुण्या म्हणून साक्षात संग्रहालयाच्या मुख्य बाई. रांजणाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी पूर्वजांची उंची समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अंगठ्याचं वरचं पेर दाखवलं.
"मूळ भांडं एवढं आहे. कुणा मुलीच्या खेळण्यातलं."
सगळा हॉल हसला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. पहिला नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी मुंग्यांच्या वारुळाला गेला.
येताना लेकीने कोपऱ्यावर माझा हात धरला.
"बाबा, पुढच्या वर्षी मामाला विचारलं तर तुला राग नाही ना येणार?"
म्हटलं, छे गं, राग कसला. रडू यायचं तेवढं बाकी होतं.