पाबे घाटातला बूस्टर

अब्बा, काल पुन्हा पाबे घाट चढलो आणि तेव्हापासून तुमचीच आठवण येतेय. तुमची ती जुनी पेट्रोल गाडी चढ लागला की टकटक करायची, डब्यात खडे हलवल्यासारखी. त्या वर्षी खालाच्या मुलीचं लग्न घाटापलीकडे. अम्मी म्हणत होती एसटीनं जाऊ, आणि तुम्ही हायवेवरच्या दुकानातून ऑक्टेन बूस्टरची बाटली घेऊन आलात. "ही टाकीत वतली की गाडी पाखरागत उडंल," म्हणालात आणि बिस्मिल्ला करून ओतलीतही. वेल्हे मागं टाकून आपण घाटाला लागतो, अर्ध्या चढावर गाडी धापा टाकते, तुम्ही अम्मीला आणि आम्हा बहिणींना खाली उतरवता, आणि रिकामी गाडी एका दमात वर. आम्ही लग्नाचे कपडे सावरत, घाम पुसत पोचलो तर तुम्ही बॉनेटवर हात ठेवून उभे. "बगितलं? बाटलीनं कमाल केली!" अम्मी दगडावर बसून चपलेतला खडा काढत होती. "बाटलीनं न्हाई, आमी उतरलो म्हणून चढली." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. लग्नानंतर मिस्त्रीनं इंजिनातली काजळी काढली, टायमिंग लावलं, तेव्हा कुठं टकटक थांबली. तरी श्रेय तुम्ही बाटलीलाच देत राहिलात.

तुमचे जावई, तुम्ही त्यांना पाहिलंच नाहीत, थेट तुमच्यावर गेलेत. आमची गाडी साधी, साध्या पेट्रोलवर चालणारी, कुरकुर नाही की टकटक नाही. तरी मोबाईलवर कुणाचं तरी ऐकून हे बूस्टर घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, ऑक्टेन म्हणजे काय ताकद न्हाई. पेट्रोल अवेळी पेटू नये, एवढंच त्याचं काम. ताप नसलेल्याला गोळी कशाला?" तर म्हणाले, "वतून तर बघू."

काल बाटली टाकीत ओतून, अम्मीला घेऊन खालाकडं निघालो. घाटात गाडी गेल्या महिन्यात चढली होती तशीच चढत होती, त्याच गिअरात, त्याच आवाजात. तेवढ्यात मागून अम्मी म्हणाली, "तो एसी बंद करा, गारठले मी." एसी बंद झाला तशी गाडी किंचित हलकी झाली. माथ्यावर ह्यांनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडं वळले. "काय, पडला ना फरक?" एसीचं कारण अगदी ओठांवर आलं होतं. पण चेहरा इतका फुललेला, अब्बा, की मी म्हटलं, "व्हय, लई."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. ह्यांनी आता आणखी दोन बाटल्या आणायचं ठरवलंय, आणि खरं सांगायचा धीर मला अजून होत नाही.