एम.एस्सी. की नोकरी: एक निःपक्षपाती निर्णय

३ जून १९५६, रविवार. चिंचवड.
बी.एस्सी.चा निकाल लागला. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. आता प्रश्न एकच. पुण्याला एम.एस्सी. करायची, की पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात कायमची नोकरी धरायची? उन्हाळ्यापुरती तिथल्या लॅबमध्ये आहेच. म्हणजे दोन्ही दारे उघडी. निर्णय निव्वळ तर्काने घेणार. तोवर चेहऱ्यावर काही दिसू देणार नाही.
आईने विचारले, काय ठरलं? म्हटले, काही नाही. मग रविवारची कारखान्यात कशाला निघालीस, म्हणाली. काल लॅबमध्ये लावलेल्या जंतूंच्या बशा पाहायच्या होत्या. याचा नोकरीशी संबंध नाही.

५ जून
बशीत जंतू वाढवायचे, मध्ये औषधाचा थेंब सोडायचा. थेंबाभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ वर्तुळ उमटते. वर्तुळ मोठे तर औषध जोरदार. आजचे माझे वर्तुळ फार रेखीव होते. रात्री जेवताना सांगितले. अण्णा म्हणाले, इंदू, भात गार झाला, आता पुरे कर तुझं वर्तुळ. (अण्णा देहूरोडला लष्करी डेपोत स्टोअरकीपर आहेत. त्यांना शास्त्रीय विषयात रस कमी.)
नोंद: ओढ नाही. कुतूहल आहे.

७ जून
लॅबचे प्रमुख घोरपडेसाहेब म्हणाले, एक कायमची जागा निघते आहे, तुमची इच्छा आहे का? मी शांतपणे म्हणाले, पाहू. त्यांना उत्साह अपेक्षित असावा. मी दाखवला नाही. किंमत अशीच वाढते.

८ जून
रजा घेऊन पुण्याला. कॉलेजात प्रोफेसर रिसबूड म्हणाले, एम.एस्सी.ची एक जागा तुमच्यासाठी धरून ठेवली आहे, येणार ना? म्हटले, नोकरीचंही चाललं आहे, पाहू. ते चष्मा पुसू लागले. प्रभावित झाले असावेत.

१० जून, रविवार
दोन्ही पर्यायांना शंभरपैकी गुण दिले. एम.एस्सी. पुढे गेली. पद्धतीत दोष आढळला. पुन्हा दिले. पुन्हा तीच पुढे. 'वर्तुळे' या सदराखाली नोकरीला वाढीव गुण दिल्यावर बरोबरी झाली. आता निःपक्षपातीपणे विचार करता येईल.

१२ जून
रहाटणीहून दूध घालणाऱ्या भागूबाईंना सगळे ठाऊक आहे. कोणी सांगितले, कळत नाही. मी तर आईशिवाय कोणाशी बोलले नाही. म्हणाल्या, ताई, तुमास्नी पायजे तरी काय? म्हटले, दोन्हीकडचे लोक मला मागताहेत, बघू. त्या हसल्या. अवो, म्हशीच्या बाजारात बी गिऱ्हाईकाला त्वांड उघडावं लागतंय. भाव बी इचारायचा न्हाई म्हटल्यावर म्हस दुसऱ्याच्या दावणीला जाती की.
तुलना चुकीची आहे. इथे गिऱ्हाईक ते आहेत. म्हणजे म्हैस... तुलना मुळातच चुकीची आहे.

१६ जून, शनिवार
मोठा दिवस. प्रोफेसर रिसबूड विद्यार्थ्यांना घेऊन कारखाना पाहायला आले. माझे दोन्ही उमेदवार समोरासमोर! निळी इरकली नेसले होते. योगायोग.
दोघे घोरपडेसाहेबांच्या खोलीत बराच वेळ बसले. मी काचेतून पाहत होते. दोघांचेही हात हलत होते. बहुधा माझ्यावरून जोराचा वाद. नंतर हसण्याचा आवाज आला. तडजोड झाली असावी. निघताना प्रोफेसर मला म्हणाले, छान, अभिनंदन. कशाबद्दल, ते विचारले नाही. उत्सुकता दाखवणे बरे नव्हे.

१८ जून, सोमवार
घोरपडेसाहेबांनीही अभिनंदन केले. एम.एस्सी.साठी! म्हणाले, तुमच्या शिक्षणाच्या आड आम्ही येणार नाही, ती जागा मिरजेच्या एका मुलाला देऊन टाकली.
दुपारच्या गाडीने पुणे. प्रोफेसर म्हणाले, अरेच्या, तुम्ही इथे कशा? चांगली नोकरी लागते आहे, मग मुलीला कशाला ओढा, असं मीच घोरपड्यांना म्हटलं. तेही म्हणत होते, नको, तुम्हीच घ्या; मला वाटलं, भिडेखातर म्हणताहेत. तुमची जागा शनिवारी संध्याकाळीच दिली.
म्हणजे हसले ते यावर. दोघांनी मोठ्या मनाने मला एकमेकांना देऊन टाकले.
परतताना डब्यात डोळे चुरचुरत होते. इंजिनाचा धूर. खिडकी बंद होती, पण धूर कुठूनही येतो.
घरी आई एवढेच म्हणाली, तुला हवं काय, ते एकदा त्यांना सांगून तरी बघ की गं. मी म्हटले, तर्काने. ती म्हणाली, तर्काने सांग, पण सांग.

१९ जून
घोरपडेसाहेबांसमोर उभी राहिले. मुद्दे तयार होते. पहिला मुद्दा सुरू केला आणि तोंडून भलतेच आले: मला इथेच राहायचं आहे, साहेब. मला त्या बशा आवडतात. आवाजही थोडा मोठा झाला. शेजारच्या टेबलावरचे दोघे परीक्षानळ्या हातात धरून थांबले.
साहेब म्हणाले, अहो, मग आधी का नाही बोललात? लॅबमध्ये आता काही नाही. बाटल्या तपासण्याच्या खात्यात एक जागा आहे. दिव्यासमोर बाटली धरायची, आत कचरा दिसला तर बाजूला काढायची. पगार कमी. पण लॅबमध्ये जागा निघाली की पहिलं नाव तुमचं.
त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी मी हो म्हटले.
अशा रीतीने निर्णय झाला. पूर्ण विचारांती, कोणाच्याही दबावाशिवाय.
साहेबांनी विचारले, कधीपासून येता? म्हटले, आत्ता. ते म्हणाले, सुटीचा भोंगा वाजला, बाई. घरी जा. उद्या सकाळी या.